पाय पाहून सायकल घ्यावी

व्यापाऱ्यास ‘स्वस्त’ ह्या शब्दाचा अर्थ सांगावयास जाणे म्हणजे सोनारास कसोटीचे गुण समजावून देण्यासारखे आहे. माल हाती घेताच त्याचा भाव, वजन, तूट आणि टिकाऊपणा ह्यांचा हिशेब ज्याच्या मनात आपोआप मांडला जातो, त्यास खरेदीचा उपदेश तो काय करावयाचा? तथापि एक वस्तू अशी आहे की, तिच्या खरेदीस निघताना हा अनुभवी गृहस्थ आपला सारा हिशेब पेढीवरच ठेवून जातो. ती वस्तू म्हणजे सायकल. आणि तीही मुलानातवांसाठी घेतलेली नव्हे, तर पंचवीस-तीस वर्षांच्या खंडानंतर स्वतः बसण्यासाठी घेतलेली सायकल.

असे गृहस्थ आपल्या बेळगावात आज थोडे नाहीत. शाळा-कॉलेजच्या दिवसांत टिळकवाडीपासून कॅम्पापर्यंत आणि शहापूरपासून वडगावपर्यंत ज्यांनी सायकली पिटाळल्या, त्यांच्या आयुष्यात पुढे स्कूटर आली, मागाहून मोटार आली आणि सायकल जिन्याखाली गेली. सकाळपासून रात्रीपर्यंत गादीवरची बैठक, दुपारचे भरपेट जेवण आणि चालणे म्हणाल तर दुकानाच्या पायरीपासून गाडीपर्यंत. मग पन्नाशीच्या सुमारास डॉक्टर साखरेचा आकडा दाखवतात व ‘काही तरी व्यायाम करा’ असे बजावतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. रोज अर्धा तास धरला तर पाच दिवसांत किमान भरते. शरीराचा सारा भार गुडघ्यांवर न टाकता हा अर्धा तास आनंदाने घालविण्यास सायकलीसारखे साधन क्वचितच सापडेल. तेव्हा आमचे बंधू सायकलीकडे वळतात, ही गोष्ट सर्वथा स्वागतार्ह आहे.

पण पुढे काय होते? उत्साहाच्या भरात एकवीस गिअरची, पुढेमागे स्प्रिंगा बसविलेली, मोटारसायकलीसारख्या जाड टायरांची सायकल घरी येते. पहिल्या आठवड्यात शेजारीपाजारी कौतुक करतात. दुसऱ्या आठवड्यात पाठ धरते, तिसऱ्यात गुडघा बोलू लागतो, आणि महिना उलटला की त्या सायकलीच्या हँडलावर टॉवेल वाळू लागतात. विचारले तर उत्तर ठरलेले असते : ‘आता वय झाले हो!’ मला हे उत्तर मान्य नाही. बहुतेक प्रसंगी वयावर घातलेला हा आळ खोटा असतो. खरा दोष मापाचा असतो. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण सायकलीस उलटी लागू पडते. येथे पाय पाहून सायकल घ्यावी लागते. जी सायकल अंगास बसते तीच वापरली जाते, आणि जी वापरली जाते तीच स्वस्त पडते. ह्या लेखात मला सांगावयाचे आहे ते एवढेच.

मागील काळाची आठवण येथे अप्रस्तुत होणार नाही. स्वातंत्र्यानंतर देशात सायकलींचे कारखाने झपाट्याने उभे राहिले. १९४९ साली मद्रासेत टी. आय., १९५१ साली सोनिपत येथे अ‍ॅटलस आणि १९५६ साली लुधियान्यास हीरो. त्या काळी गावातील दुकानात मिळणारी सायकल बहुधा एकाच घडणीची : काळी, पोलादी, अठ्ठावीस इंची चाकांची, सळीच्या ब्रेकची. निवडीस वाव असा नव्हताच. परंतु गिऱ्हाईक पायरी चढताच दुकानदाराचा पहिला प्रश्न ‘बावीस की चोवीस?’ हा असे. ही बावीस व चोवीस इंचांची भाषा सांगाड्याच्या उंचीची होती. म्हणजे गिऱ्हाइकाच्या पायांची होती. आज दुकानात शंभर प्रकारच्या सायकली झगमगत उभ्या असतात आणि पहिला प्रश्न असतो, ‘किती हजारांपर्यंत दाखवू?’ सव्वीस, साडेसत्तावीस, एकोणतीस असे आकडे आजही कानी पडतात. पण ते चाकाच्या मापाचे आहेत, सांगाड्याच्या नव्हेत. एकोणतीस इंची चाकाची सायकल उंच माणसासाठीच असते असे नाही, आणि सव्वीस इंची चाकाची ठेंगण्यासाठीच असते असेही नाही. हा भेद गिऱ्हाइकास कोणी समजावून सांगत नाही, आणि पुष्कळ स्वस्त सायकली तर एकाच मापाच्या सांगाड्यावर सर्वांस विकल्या जातात. त्या काळी वाण मोजके होते, पण माप घेतले जात असे. आज वाण उदंड आहेत, आणि माप मात्र हरवले आहे.

माप घेण्यास शिंपी लागत नाही. अनवाणी उभे राहावे, पाठ भिंतीस टेकवावी, एक जाड पुस्तक दोन्ही पायांमध्ये खोगिरासारखे घट्ट वर धरावे, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतची उंची मोजावी. ही पायांची आतली उंची होय. सायकल दोन्ही पायांमध्ये घेऊन सपाट उभे राहिल्यावर मधली दांडी व शरीर ह्यांत निदान दोन बोटे अंतर राहिले पाहिजे. ते राहत नसेल तर ती सायकल कितीही देखणी असो, ती आपली नव्हे. सीटची उंची ठरविण्याची रीतही सोपी आहे. सीटवर सरळ बसून टाच पॅडलवर ठेवावी व पॅडल अगदी खाली न्यावे. ह्या स्थितीत पाय ताठ व्हावा, पण कंबर एका बाजूस कलू नये. मग चालविताना पावलाचा चवडा पॅडलवर येतो आणि गुडघ्यास हवा तेवढा बाक राहतो. आकड्यांची आवड असणाऱ्यांनी आतल्या उंचीस ०.८८ ने गुणावे. ७६ सेंटिमीटर उंचीस सुमारे ६७ सेंटिमीटर येतात. क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढे अंतर असावे.

पुन्हा सायकल चालवू लागलेले बहुतेक लोक पडण्याच्या भयाने सीट फार खाली ठेवतात व गुडघे छातीकडे आणून पॅडल मारतात. गुडघेदुखीचे हे एक मोठे कारण आहे, आणि ते दूर करण्यास एक पान्हा व दोन मिनिटे पुरतात. पहिल्या आठवड्यात सीट थोडी खाली ठेवण्यास हरकत नाही. पण तोल परत आला की ती क्रमाक्रमाने वर घ्यावी. हँडल सीटच्या बरोबरीने किंवा किंचित वर असावे. शर्यतीच्या सायकलीसारखे वाकून बसणे पंचविशीत शोभते; पन्नाशीच्या पाठीस व मानेस ते मानवत नाही.

येथेच एका अवघड विषयास हात घालतो. ज्या सायकलीस मधली आडवी दांडी खाली उतरती असते, तीस आपण ‘लेडीज सायकल’ म्हणतो आणि पुरुषाने तीवर बसणे कमीपणाचे मानतो. वयोमानाने कंबरेचे सांधे आखडतात, पाय मागून उंच फेकून चढणे कठीण होते, आणि पडावयाचे ते बहुधा चढता-उतरतानाच. हॉलंडमध्ये माणसांहून सायकलींची संख्या अधिक आहे. तेथील वयस्क पुरुष खुशाल उतरत्या दांडीच्या सायकली वापरतात व त्यांच्या पुरुषार्थास बाध आल्याचे ऐकिवात नाही. आपल्या घरातील स्त्रियांनी लग्नानंतर सोडून दिलेली सायकल पुन्हा हाती घ्यावी असे वाटत असेल, तर ह्याच घडणीची एक चांगली सायकल घरात आणावी. सीट वरखाली करून ती दोघांसही चालते. एका खरेदीत दोघांची सोय करणारा हा सौदा कोणा हिशेबी माणसाने सोडावा?

आता गिअरांचे पाहू. एकवीस गिअर म्हणजे पुढे तीन चकत्या व मागे सात. त्यांचा गुणाकार एकवीस होतो, परंतु त्यांतील कित्येक जोड्यांचे फळ जवळजवळ एकच असते. रोज पाच-सात किलोमीटर जाणारा मनुष्य त्यांतील चार-पाचांपलीकडे क्वचितच जातो. गिअर किती हवेत हे दुकानातील पाटीवरून न ठरविता आपल्या गावच्या जमिनीवरून ठरवावे. आपले सगेसोयरे दूरदूरच्या शहरांत पसरले आहेत, म्हणून हा भेद सांगणे अगत्याचे वाटते. बडोद्यासारख्या सपाट शहरात, किंवा ग्वाल्हेरीस किल्ल्याची टेकडी सोडून खालच्या वस्तीत, बिनगिअरची सायकल पुरेशी आहे. हैदराबादेत बंजारा हिल्सच्या बाजूस राहणाऱ्यास, किंवा पणजीत आल्तिनोच्या चढावर घर असणाऱ्यास, गिअरावाचून दम लागेल. तेथे मागे सात गिअर असलेली साधी सायकल घ्यावी. बेळगाव ह्या दोहोंच्या मधले आहे. येथे चढ आहेत, पण ते छाती फोडणारे नाहीत.

मधल्या प्रकारच्या गावांसाठी एक जुना व अत्यंत स्वस्त उपाय आहे, तो आजकाल कोणी सुचवीत नाही. बिनगिअरच्या सायकलीस पुढे ४४ व मागे १८ दात असले, तर पॅडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक सुमारे अडीच फेरे घेते आणि अठ्ठावीस इंची चाकाची सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. मागचे फ्रीव्हील २२ दातांचे बसविले, तर चाक दोनच फेरे घेते व सायकल सुमारे साडेचार मीटर जाते. वेग थोडा घटतो, पण पायास पडणारा जोर तितकाच कमी होतो आणि किरकोळ चढ बसल्या बसल्या चढता येतो. चेनीच्या एक-दोन कड्या कदाचित वाढवाव्या लागतील. जेथे हजारो रुपयांचे गिअर विकले जातात, तेथे काही शेकड्यांत काम भागते.

स्प्रिंगांविषयीही असेच म्हणावे लागते. डोंगरातील दगडधोंड्यांवरून उड्या मारणाऱ्यांस चांगल्या प्रतीची स्प्रिंग आवश्यक असते व तिची किंमतही तशीच असते. स्वस्त सायकलीच्या चिमट्यात बसविलेली स्प्रिंग सायकलीचे वजन वाढविते, पायाचा जोर खाते, आणि दोन पावसाळ्यांत गंजून जागच्या जागी बसते. खड्ड्याचा धक्का कमी करावयाचा असेल तर दीड ते दोन इंच रुंदीचे चांगले टायर घ्यावेत व त्यांच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत हवा ठेवावी. रस्ता खडबडीत असेल तेथे फार अरुंद व दगडासारखा कडक टायर वेगवान असतो, हा समजही आता मागे पडला आहे. सांगाडा पोलादाचा असावा की अ‍ॅल्युमिनियमचा, ह्यावर रात्रभर वाद घालणारे लोक आहेत. माझे मत असे की, रोजच्या वापरास पोलाद उत्तम. वजन थोडे अधिक, परंतु तडा गेला तर गावातील वेल्डिंगवाला तो सांधू शकतो.

जेथे पैसे राखू नयेत असे ठिकाण मात्र एक आहे, व ते म्हणजे ब्रेक. आपल्याकडे आणि गोव्यात पावसाळा चार महिने असतो. जुन्या पद्धतीच्या चकचकीत मुलामा दिलेल्या पोलादी रिमेवर पाणी पडले की ब्रेकचे रबर घसरते व सायकल थांबावयास फार अंतर घेते. अ‍ॅल्युमिनियमच्या रिमेवर ओल्यातही पकड पुष्कळच बरी राहते. म्हणून नवी सायकल घेताना रिम कोणत्या धातूची आहे हा प्रश्न अवश्य विचारावा. लोहचुंबक लावून पाहिल्यास उत्तर तत्काळ मिळते. तारेने ओढली जाणारी चकतीची ब्रेक पावसात चांगली काम देते, पण तिची जुळणी जाणणारा कारागीर जवळपास असला पाहिजे. त्याखेरीज मडगार्ड, चेनकव्हर, घंटी, पुढचा-मागचा दिवा, आरसा व शिरस्त्राण ह्यांस ऐषाराम समजू नये. आपल्या तरुणपणी रस्त्यावर सायकली अधिक व मोटारी थोड्या होत्या. आज तो काळ उरला नाही.

सीटविषयी एक शब्द. मऊ, रुंद, गादीसारखी सीट दुकानात बोटाने दाबून पाहता फार सुखाची वाटते. परंतु अर्ध्या तासानंतर तीच मांड्यांस घासू लागते. बसण्याच्या दोन हाडांस आधार मिळेल इतकी रुंद व बेताची कडक सीट अधिक मानवते. पहिले आठ दिवस थोडे दुखणारच, ते सोसावे. पंधरवड्यानंतरही दुखत असेल तर सायकल न बदलता सीट बदलावी.

नव्या सायकलीचा विचार करण्यापूर्वी जिन्याखालच्या जुनीकडे एकदा पाहावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. सांगाडा सरळ असेल, चिमटा वाकलेला नसेल, हँडलच्या नळीपाशी तडा नसेल, तर ओव्हरऑइल करून, टायर-ट्यूब, ब्रेकचे रबर व तारा बदलून, चाकांचे आउट काढून ती पुन्हा रस्त्यावर येऊ शकते. वापरलेली सायकल विकत घेतानाही हीच परीक्षा करावी. चेनीची परीक्षा फूटपट्टीने होते. सांध्याच्या एका पिनेपासून मोजले असता बारा पूर्ण जोड-कड्यांची लांबी बरोबर बारा इंच भरली पाहिजे. ती एक अष्टमांश इंचाने वाढली असेल तर चेन गेलीच, आणि दातेही बहुधा झिजले असतील असे समजून भाव पाडावा.

आता शेवटचा हिशेब मांडू. आजच्या बाजारात साधी बिनगिअरची सायकल पाच ते आठ हजार रुपयांच्या घरात मिळते. सहा हजारांची सायकल वर्षातून ३०० दिवस, अशी पाच वर्षे वापरली आणि दुरुस्तीस दरसाल दीड हजार धरले, तर एकूण साडेतेरा हजार रुपये १,५०० दिवसांवर वाटले जातात. दिवसाचा खर्च नऊ रुपये. अठरा हजारांची सायकल तीस दिवस चालवून टॉवेल वाळविण्यास लावली, तर प्रत्येक दिवस सहाशे रुपयांस पडला. ह्याचा अर्थ महाग सायकल वाईट असा मुळीच नव्हे. हलकी, उत्तम बनावटीची सायकल चालविण्याचे सुख निराळेच असते, आणि वर्षभर नियमाने चालविणाऱ्याने ते जरूर अनुभवावे. परंतु सवय आधी लावावी व दागिना मागून घ्यावा. नाही तर नाकापेक्षा मोती जड होतो. विजेच्या मदतीने चालणाऱ्या सायकलीसही हाच नियम लावावा. २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या व ताशी २५ किलोमीटरच्या मर्यादेतील अशा सायकलीस नोंदणी लागत नाही. अशक्त गुडघ्यांस किंवा उंचावरील घरास ती खरोखर उपकारक आहे; पण बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, हा खर्च पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवावा.

जे बंधू सायकलींचा व्यापार करतात त्यांस दोन शब्द सांगितल्यावाचून राहवत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. मूळ दहा हजारांच्या सायकलीमागे गिऱ्हाइकाचे सातशे रुपये वाचतात. त्या सातशेत दिवा, पंप व चांगली घंटी येते, हे त्यास सांगावे. दुकानात एक फूटपट्टी व एक जाड पुस्तक ठेवावे आणि किंमत विचारण्यापूर्वी पायांचे माप विचारावे. खोक्यातून अर्धवट जोडलेली येणारी सायकल जाणत्या हाताने जोडून द्यावी. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात हे न जाणणाऱ्या पोरसवदा नोकराने नवा क्रँक पहिल्याच दिवशी बिघडविल्याची उदाहरणे थोडी नाहीत. नव्या चाकांचे आरे महिन्याभरात थोडे सैल पडतात. तेव्हा गिऱ्हाइकास महिन्याने परत बोलवावे, आरे ताणून द्यावेत, आणि त्याच वेळी सीटची उंचीही पाहावी. पन्नाशीच्या माणसास न बसणारी महाग सायकल खपविणाऱ्याने एक सायकल विकली व एक गिऱ्हाईक गमावले. बसणारी स्वस्त सायकल देणाऱ्याकडे तेच गिऱ्हाईक टायरासाठी येते, तेलासाठी येते आणि पुढच्या वर्षी पत्नीस व मित्रास घेऊन येते.

आणि जे वाचक सायकलीचा विचार मनात घोळवीत बसले आहेत, त्यांनी तो फार दिवस घोळवू नये. रविवारी सकाळी घरातील एक जाड पुस्तक काढावे, भिंतीस पाठ लावून माप घ्यावे व ते चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवावे. दुकानात गेल्यावर किंमतीची पाटी वाचण्याआधी ती चिठ्ठी वाचावी. सायकलीवर निदान दहा मिनिटे फेरी मारल्यावाचून पैसे देऊ नयेत, आणि जो दुकानदार फेरी मारू देत नाही त्याच्याकडून ती घेऊ नये. एवढे केले तर पुढच्या वर्षी ही स्मरणिका आपल्या हाती येईल तेव्हा जिन्याखालची जागा रिकामी असेल.